समोरचा ठिपका हलत नाही

मी डोळ्यांवर उडालो. म्हणजे उडायचं होतं विमानातून, उडालो यादीतून. लेखी झालं होतं, मुलाखत झाली होती, आणि शेवटच्या दिवशी मेडिकलला एका अंधाऱ्या खोलीत त्या चार्टवरची शेवटून दुसरी ओळ मी अंदाजपंचे वाचायला लागलो आणि समोरचे डॉक्टर काही न बोलता नुसतं लिहीत राहिले, तेव्हाच कळलं काय ते. माझ्यासोबत आलेला मित्र तीच ओळ घडाघडा वाचून बाहेर आला. तो पुढे पायलट झाला, मग इन्स्ट्रक्टर झाला. मी चष्मा लावून कॉम्प्युटरसमोर बसलो, तो आजतागायत.

त्यानंतर कितीतरी वर्षं माझ्या डोक्यात एकच साधा हिशोब होता, की आकाश हे चांगल्या डोळ्यांच्या माणसांसाठी आहे आणि आपले डोळे तसे नाहीत, विषय संपला. या हिशोबाला तडा गेला तो अपघातांचे अहवाल वाचायला लागल्यावर. विचित्र छंद आहे, मान्य. रात्री लोक सिरीयल बघतात, मी कुठल्यातरी विमानाचं शेवटचं दीड मिनिट वाचत बसतो. इंजिन बंद पडलं, पक्षी घुसला, बर्फ साचला, हे सगळं समजू शकतं. पण दोन विमानांची हवेत टक्कर? एवढं मोठं आकाश, भर दुपार, दोन्हीकडे माझ्यापेक्षा दसपट चांगले डोळे, आणि तरी? तीही शिकाऊ विमानं, ट्रेनर, जी मुळात हळू उडतात आणि मुद्दाम लांबून दिसावीत अशी रंगवलेली असतात.

रंगाचं आधी सांगतो कारण मला ती गोष्ट फार गमतीची वाटते. लढाऊ विमान शत्रूला दिसू नये म्हणून राखाडी करतात आणि ट्रेनर मात्र लाल-पांढरा, पिवळा, नारिंगी, जणू आकाशात फिरणारी धोक्याची पाटीच. ब्रिटिश हवाई दलाने तर चाचण्या घेऊन शोधलं की आकाशाच्या पार्श्वभूमीवर सगळ्यात लवकर उठून दिसतो तो चक्क काळा रंग, म्हणून त्यांची हॉक ट्रेनर विमानं पूर्ण काळी. म्हणजे या धंद्यातल्या लोकांना आपण एकमेकांना दिसत नाही हे पक्कं माहीत आहे. मला माहीत नव्हतं.

1 एप्रिल 2022, दक्षिण कोरियातलं साचॉन. तिथल्या हवाई तळावर नवीन पायलट घडवतात, केटी-1 नावाच्या प्रॉपेलरच्या ट्रेनरवर, दोन सीटचं विमान, एक शिकणारा आणि एक शिकवणारा. त्या दुपारी दोन केटी-1 ची जोडी फॉर्मेशनच्या, म्हणजे एकमेकांना धरून जवळजवळ उडण्याच्या, सरावाला उडाली आणि त्यांच्या पाठोपाठ तिसरं एक केटी-1 इन्स्ट्रुमेंट फ्लाइंगच्या, म्हणजे उपकरणं बघून उडण्याच्या, सरावाला. काही मिनिटांत, तळापासून फार लांबही नाही, जोडीतलं मागचं विमान आणि ते तिसरं विमान एकमेकांवर आदळले. चौघेही गेले. दोन विद्यार्थी, दोन शिक्षक. चौकशीत पुढे आलं ते असं, की जोडीच्या लीडरने ढग चुकवायला मार्ग बदलला, खालच्या हवाई कंट्रोलला ते कळवलं नाही, कंट्रोलच्याही ते वेळेत लक्षात आलं नाही, आणि समोर नजर ठेवण्यात कसूर झाली. लीडरला तिसरं विमान अगदी शेवटी दिसलं, त्याने झटक्यात आपलं विमान वळवलं आणि तो वाचला. त्याच्या मागचा नंबर टू वाचला नाही.

हे वाचून मी मित्राला फोन केला होता. म्हटलं, अरे लीडरला दिसलं, मग मागच्याला का नाही दिसलं, तो काय झोपला होता का? तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "नंबर टूने समोर बघायचंच नसतं रे."

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय ते. मग त्याने समजावून सांगितलं, आणि त्या अर्ध्या तासात मला जे कळलं ते दहा वर्षं अहवाल वाचून कळलं नव्हतं. फॉर्मेशनमध्ये नंबर टूचं एकच काम, लीडरला धरून राहायचं. त्याच्या पंखाच्या टोकाचा दिवा त्याच्या बॉडीवरच्या एका ठरलेल्या खुणेशी जुळवायचा आणि ती जुळवणी सुटू द्यायची नाही. हात-पाय सतत चालू, थ्रॉटल इंचभर पुढे, इंचभर मागे, आणि नजर फक्त त्या दोन ठिपक्यांवर. मित्र म्हणाला की पहिल्या काही सॉर्टीजनंतर, म्हणजे उड्डाणांनंतर, त्याला विचारलं असतं की खाली नदी होती की डोंगर, तर सांगता आलं नसतं, पण लीडरच्या विमानाच्या पोटावरून मागे गेलेला तेलाचा एक ओघळ होता, कोपऱ्यात किंचित वाकडा, तो आजही कागदावर काढून दाखवेन. कुठला रिव्हेट निघालाय, कुठला रंग उडालाय, सगळं पाठ. आकाश नाही. आकाश बघणं लीडरच्या वाट्याला.

रडारवरही साधारण तसंच. जोडी एकत्र उडते तेव्हा सहसा लीडरचाच ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रडारला आपली ओळख कळवणारं यंत्र, चालू असतो, नंबर टूचा स्टँडबायवर, म्हणजे खाली स्क्रीनवर बसलेल्या माणसाला दोन विमानांच्या जागी एकच खूण दिसते. आणि लोक विचारतात तसं मीही विचारलं, की मग ते प्रवासी विमानातलं टक्कर टाळणारं यंत्र का नाही लावत. कित्येक ट्रेनरमध्ये ते नसतंच, आणि फॉर्मेशनमध्ये चालू ठेवलं तर ते बिचारं पहिल्या सेकंदापासून बोंबलत राहील, कारण इथे जवळ जाणं हाच तर अभ्यासक्रम आहे. हे वाक्य लिहिताना मलाच जरा कसंतरी झालं. जी गोष्ट सगळ्या जगात टाळायची असते ती इथे मुद्दाम, रोज, नवख्या पोरांकडून करून घ्यायची, आणि तीही इतक्या वेळा की त्यांना तिची भीती वाटेनाशी होईल.

पण फॉर्मेशन बाजूला ठेवलं तरी, एकट्या उडणाऱ्या, समोर बघणाऱ्या, चार्टची शेवटची ओळ वाचणाऱ्या माणसालासुद्धा समोरचं विमान का दिसत नाही, हा प्रश्न उरतोच.

भूमितीचा भाग असा. दोन विमानं सरळ रेषेत, आपापल्या ठरलेल्या वेगाने, एकाच बिंदूकडे चालली असतील, तर एका कॉकपिटमधून दुसरं विमान काचेवर एकाच जागी दिसत राहतं. ना डावीकडे सरकत, ना उजवीकडे. जे विमान तुमच्या काचेवरून सरकतंय ते तुम्हाला धडकणार नाही, ते पुढून नाहीतर मागून निघून जाईल. धडकणार ते, जे हलत नाही. जहाजावरच्या लोकांना हे फार आधीपासून माहीत आहे, समोरच्या जहाजाची दिशा बदलत नसेल आणि अंतर कमी होत असेल तर घंटा वाजवा. आणि आपले डोळे नेमके उलटे घडलेत, हललेलं पटकन टिपतात, डोळ्याच्या कोपऱ्यात झुरळ हललं तरी आपण दचकतो, पण स्थिर ठिपका असेल तर मेंदू म्हणतो काचेवर किडा चिकटलाय, सोड.

वर तो वाढतही नाही, म्हणजे वाढतो, पण फसवून. ताशी 370 किलोमीटरने एकमेकांसमोर येणारी दोन ट्रेनर धरा. जवळ यायचा वेग झाला ताशी 740, म्हणजे सेकंदाला 200 मीटरच्या वर. साधारण दहा मीटर पंखांचं विमान अडीच किलोमीटरवर असताना, हात लांब करून पट्टी धरली तर पट्टीवर ते भरेल अडीच-तीन मिलिमीटर, तेही पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि समोरून पंख म्हणजे नुसती एक रेघ. सहा सेकंदांनी अर्धं अंतर संपलेलं असतं आणि ते झालेलं असतं पाच मिलिमीटर, म्हणजे अजूनही काही नाही. आणि मग शेवटच्या एका सेकंदात ते तीन सेंटिमीटरवरून सगळी काच भरून टाकतं. मी खरंच पट्टी घेऊन खिडकीत उभा राहिलो होतो, लांबच्या एका खांबाशी मोजून बघत. घरच्यांनी काही विचारलं नाही, सवय आहे त्यांना.

आता अडीच किलोमीटरच का धरलं, तर त्यालाही कारण आहे. अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या पायलटांसाठीच्या सूचनापत्रकात एक छोटा तक्ता आहे, दिसल्यापासून विमान प्रत्यक्ष वळेपर्यंत किती वेळ जातो त्याचा. एकूण साडेबारा सेकंद. गंमत म्हणजे डोळ्याचा वाटा त्यात सगळ्यात कमी, दिसायला एक दशांश सेकंद फक्त. ते विमान आहे हे ओळखायला एक सेकंद. पण ते आपल्यावरच येतंय हे उमगायला पाच, आणि डावीकडे वळू की उजवीकडे हे ठरवायला चार. स्नायूंना जेमतेम 0.4 आणि मग विमानाला वळायला दोन. म्हणजे साडेबारातले नऊ सेकंद नुसते डोक्यात जातात, आणि ज्याच्यासाठी मला घरी पाठवलं त्या डोळ्याला लागतात 0.1. एवढ्या वेळात वरच्या हिशोबाने अडीच किलोमीटर संपलेले असतात.

त्यात डोळ्याच्या स्वतःच्या भानगडी. स्वच्छ निरभ्र आकाशात बघण्यासारखं काहीच नसलं की डोळा लांब बघतच नाही, आपोआप एक-दोन मीटरवर फोकस लावून बसतो, आणि माणसाला वाटत राहतं आपण क्षितिजापर्यंत बघतोय. अगदी सुस्पष्ट दिसतं ते नजरेच्या मधल्या इवल्याशा भागात, हात लांब केल्यावर अंगठ्याचं नख जेवढं झाकेल साधारण तेवढ्यात, बाकी सगळं मेंदूने भरून घेतलेलं चित्र. नजर फिरवताना तर मधल्या वेळात आपण जवळजवळ आंधळेच. म्हणून पायलटांना शिकवतात की नजर झाडूसारखी फिरवू नका, थोडी फिरवा, थांबवा, पुन्हा थोडी फिरवा, आणि मानही हलवा, कारण काचेच्या चौकटीचा खांब बोटभर रुंद दिसतो पण त्याच्या मागे अख्खं विमान लपतं, आणि टकरीच्या मार्गावर असलेलं विमान शेवटपर्यंत त्याच खांबामागे राहू शकतं.

कॅनडात मूस जॉ शहरावर 8 एप्रिल 1954 ला सकाळच्या वेळी एक हार्वर्ड ट्रेनर आणि एक प्रवासी विमान धडकले होते. ट्रेनरमध्ये एकटा शिकाऊ पायलट, प्रवासी विमानात 35 जण, आणि खाली एका घरात काम करणारी एक बाई. 37 मृत्यू. त्या बाईचा विचार मला बाकीच्यांपेक्षा जास्त येतो, का ते सांगता येणार नाही.

ऑस्ट्रेलियात 1991 मध्ये या "बघा आणि टाळा" तत्त्वावरच एक मोठा सरकारी अहवाल निघाला, आणि त्यात एक आकडा आहे जो मी मित्राला पुन्हा पुन्हा ऐकवतो. रेडिओवर कोणी सांगितलं की अमुक दिशेला विमान आहे, तर ते शोधणं आठपट परिणामकारक होतं. सांगितल्यावर एक सेकंद बघणं आणि न सांगता आठ सेकंद बघणं सारखंच. डोळे तेच. फक्त कोणीतरी तोंड उघडलं.

ऑस्ट्रेलियाचाच दुसरा एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही, टकरीचा आहे पण कोणी मेलं नाही, म्हणून जरा श्वास घ्यायला. 29 सप्टेंबर 1940, न्यू साउथ वेल्समधलं ब्रॉकल्सबी. वाग्गा वाग्गाजवळच्या ट्रेनिंग स्कूलची दोन ॲव्हरो अँसन विमानं, प्रत्येकात दोघे, सरावावर होती. वळताना एक वर एक खाली आले. अँसनचे पंख खालच्या बाजूला, म्हणजे वरच्याला पंखामुळे खालचं दिसत नाही, आणि खालच्याला डोक्यावरच्या छपरामुळे वरचं. आदळले, आणि तुटून पडण्याऐवजी एकमेकांत अडकले, एकाच्या पाठीवर दुसरं. वरच्याची दोन्ही इंजिनं गेली, खालच्याची जोरात चालूच. खालचा पायलट पाठीला जखम झालेली असतानाही बाहेर उडी मारून सुटला, दोन्हीकडचे नॅव्हिगेटरही उतरले पॅराशूटने, आणि वर एकटा उरला लेनर्ड फुलर, वय 22. त्याच्या लक्षात आलं की आपली इंजिनं नाहीत पण आपल्या पंखांवरचा ताबा चालतोय.

लहानपणी अंध आणि पंगूची गोष्ट ऐकलेली असते ना आपण, आंधळ्याच्या खांद्यावर लंगडा, एकाचे पाय आणि दुसऱ्याचे डोळे. ती मी तोवर उपदेशाची गोष्ट समजत होतो. इथे खाली पायलट नसलेलं पण पळणारं विमान आणि वर इंजिन नसलेला पण बघणारा माणूस, अशी ती जोडी आठ किलोमीटर गेली आणि फुलरने ती एका कुरणात पोटावर उतरवली. नंतर चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याला त्याने सांगितलं ते साधारण असं, की साहेब, फोर्स्ड लँडिंगचं जे शिकवलंय तेच केलं, वस्तीजवळ उतरा, वाऱ्याच्या तोंडाला उतरा, ते बघा शेतघर. फक्त कंट्रोल जरा जड लागत होते म्हणे! त्याला सार्जंट केलं, आणि परवानगीशिवाय पेपरवाल्यांशी बोलला म्हणून 14 दिवस बराकीबाहेर पडायला बंदी आणि सात दिवसांचा पगार कापला. सैन्य ते सैन्य. पुढे युद्धात पदक मिळवलं त्याने, आणि 1944 मध्ये सायकलवरून जाताना बसशी टक्कर होऊन गेला.

असे किस्से मोजकेच. बाकी अहवालांच्या ओळी एका सुरात, तारीख, जागा, विमानं, गेलेली माणसं. 7 मार्च 2023, रोमजवळ ग्विदोनिया, इटालियन हवाई दलाची दोन हलकी ट्रेनर, दोन पायलट. 25 ऑगस्ट 2023, युक्रेनमध्ये झितोमिरवर दोन एल-39 ट्रेनर, तीन पायलट, त्यात आंद्री पिल्शिकोव, ज्याला जग "ज्यूस" या कॉलसाइनने ओळखायचं, मिग-29 वर युद्धातून जिवंत राहिलेला आणि एफ-16 मिळावीत म्हणून जगभर बोलत फिरलेला माणूस, तो शत्रूच्या मिसाइलने नाही तर आपल्याच माणसांसोबत उडताना गेला. 19 फेब्रुवारी 2019, बंगळुरूजवळ येलहंका, हवाई दलाच्या सूर्यकिरण या कसरतींच्या पथकाची दोन हॉक विमानं, एअर शोच्या आदल्या दिवशीचा सराव, तिघांपैकी एक विंग कमांडर वाचले नाहीत. ही अव्वल माणसं होती. यांच्या डोळ्यांची परीक्षा दरवर्षी व्हायची.

मागच्या वेळी मित्र भेटला तेव्हा मी माझं हे सगळं ज्ञान पाजळत होतो, साडेबारा सेकंद, आठपट वगैरे. तो ऐकत होता. मग म्हणाला, रेडिओवर फॉर्मेशनमध्ये दोन शब्द असतात, "व्हिज्युअल" म्हणजे तू मला दिसतोयस, आणि "ब्लाइंड" म्हणजे दिसत नाहीयेस. पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो. व्हिज्युअल सगळे झटकन म्हणतात. ब्लाइंड म्हणायला जीभ रेटत नाही. ज्याला डोळ्यांवर निवडलं त्याने रेडिओवर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, मला दिसत नाहीये. म्हणून मी पहिल्या सॉर्टीत मुद्दाम त्यांना हरवू देतो, म्हणाला, आणि म्हणायला लावतो.

मी विचारलं, "तुझं कधी झालं होतं?"

"एकदा. ट्रेनिंगमध्येच. ढगाची एक पट्टी मध्ये आली, पातळ होती, लीडर आत गेला आणि मी बाहेर आलो तर तो तिथे नव्हता. ओघळ नाही, दिवा नाही, काही नाही. पांढरं नुसतं."

"मग?"

"तीन सेकंद. चार असतील. म्हटलं दिसेल आत्ता. मग दिसला, डाव्या हाताला, इतका जवळ की हेल्मेटवरचा नंबर वाचता आला. मी काही केलं नाही, त्यानेही नाही, आपोआप लांब झालो."

"तू ब्लाइंड म्हणालास?"

त्याने मान हलवली, नाही अशी.

"आणि त्याला कळलं का नंतर?"

"नाही," तो म्हणाला. "रिटायर झाला तो दोन वर्षांपूर्वी. निरोप समारंभाला मी भाषण केलं."